जळकोटची रेकॉर्ड

लातूरचे आमचे रेडिओ मेकॅनिक चाचा कुठल्याही सेटचा बिघाड डोळे मिटून, नुसत्या आवाजावरून ओळखत. मुरुडच्या भंगारात सापडलेली लोकगीतांची जुनी रेकॉर्ड मी त्यांच्याकडे नेली. ऐकता ऐकताच ते म्हणाले, "आवाज वळखला. ही बाई जळकोटची. हयात हाय. चला." दुकान बंद करून, प्लेअर मांडीवर घेऊन ते एसटीत बसले.

ती गाणारी बाई आता म्हातारी झाली होती. तिच्या घरात कधी प्लेअर नव्हता, त्यामुळे तिनं स्वतःची रेकॉर्ड ऐकलीच नव्हती. चाचांनी ती लावली. गाणं संपल्यावर तिनं विचारलं, "कोन हाय ही? लई गोड गाती."

"तुमीच, मावशी," चाचा हळूच म्हणाले.

ती प्लेअरजवळ सरकली आणि म्हणाली, "अजून एकदा लावा."

निघताना चाचांनी प्लेअर तिथंच ठेवला. रेकॉर्ड परत मागायचं माझ्या ओठांवर आलं होतं, याची मला अजून लाज वाटते.