मिलोची भाकरी

वडगावच्या कोर्टासमोर त्र्यंबकशेठचं हॉटेल होतं. हॉटेल कसलं, चार बाकडी आणि वर पत्रा. माणसं यायची ती सावित्राबाईच्या तांदळाच्या भाकरीसाठी. टाकव्याच्या वरच्या वाडीतली ही बाई चौदा वर्षं त्या चुलीपुढं बसली होती. घरी नवरा शिदू आणि भाताची दोन खाचरं, मूलबाळ नाही. तिला नाव होतं ते या चुलीपाशी.

बहात्तरचा दुष्काळ पडला. तांदूळ शेठच्या आवाक्याबाहेर गेला आणि परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी हॉटेलात आली. तिच्या पिठाला विरी, म्हणजे चिकटपणा, म्हणून नाही. थापायला घेतलं की काठ फाटायचे, तव्यावर टाकली की तीन तुकडे.

"मावशी, ही भाकर हाय का खडी?" कोर्टाच्या तारखेला आलेला महिपती ओरडला. "रस्त्याच्या कामावर धाडा की!"

सगळे हसले. आठवड्यात निम्मी बाकडी रिकामी झाली. शेजारची दोन हॉटेलं तर आधीच बंद पडली होती. त्र्यंबकशेठ वाईट माणूस नव्हता, घाबरलेला होता. म्हणाला, "सोमवारपर्यंत बघतो, मावशी. नाहीतर बेकरीचा पाव ठेवतो. पावाला थापणारी लागत नाही."

शहाण्या बाईनं काय करावं? थोडा तांदूळ आणा, त्याशिवाय जमायचं नाही, असं सरळ सांगावं. सावित्राबाईला 'जमत नाही' हे म्हणताच येईना. घरी जाऊन तिनं कणगीतलं पेरणीसाठी राखलेलं भात काढलं, कांडलं, दळलं आणि सकाळी त्या पिठाची उकड गुपचूप मिलोत मळली. भाकरी टम्म फुगली.

"मावशी, तुमचा हात म्हंजे हात!" महिपतीनं दोन जास्त मागून घेतल्या.

शेठ इतका खूश झाला, की त्यानं चार पोती मिलो भरून टाकली. "मी म्हणतच होतो, धान्यात खोट नाही, हात पाहिजे!" तेव्हा तरी बोलायचं! पण ती कौतुक ऐकत राहिली आणि रोज दोन मापटी भात कांडत राहिली.

शिदूला कळलं तेव्हा कणगीचा तळ दिसत होता.

"आगं, आता पेरू काय? माती?"

"आन चूल ग्येली तर खाशील काय? तीच माती?"

महिन्याभरात तळही खरवडून झाला. भाकरी पुन्हा तुटली.

"मुद्दाम करताय का?" शेठ कडाडला. "मग इतके दिवस कशा होत होत्या?"

तिनं सांगितलं. शेठ बाकड्यावर बसला. मिलोच्या पोत्यांकडं बघून म्हणाला,

"मावशी, तुम्हाला कुणी सांगितलं होतं हो?"

खरंच, कुणीच सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाव आला. थाळ्या विसळायला बाई हवी होती, निम्म्या मजुरीवर. हे विचारताना शेठनं तिच्याकडं बघितलं नाही. पेरायला दाणा उरला नव्हता, नाही कोणत्या तोंडानं म्हणणार? सावित्राबाई पदर खोचून मोरीपाशी बसली. पावसाळ्यात शिदू दुसऱ्यांच्या खाचरात लावणीला जाऊ लागला. त्यांच्या दोन खाचरांत त्या साली नुसतं गवत माजलं.