फ्रॉकच्या आतली माया

मैत्रिणींनो, शिवणीच्या आत राखलेल्या जादा कापडाला माया म्हणतात. वाढत्या मुलीचा फ्रॉक उसवून सैल करता यावा म्हणून ती ठेवतात. आज चंदनसारच्या एका ‘फॅशन डिझायनर’ बाईंना हे मला शिकवावं लागलं.

त्यांनी शिवलेला, नातीचा चर्चमधल्या उद्याच्या कम्युनियन विधीचा पांढरा फ्रॉक महिन्याभरात छातीला घट्ट झाला. आत बघते तर टिपेला लागून सगळं कापड छाटलेलं! तशीच फ्रॉक घेऊन त्यांच्या दुकानात गेले.

“आँटी, फिनिशिंग क्लीन दिसतं ना!”

“आतून कोण बघणार आहे, बाई? उरलेलं कापड तरी दे.”

“ते फेकलं.”

शेवटी घरी येऊन बाह्यांचे फुगे उसवले आणि त्यांच्या पट्ट्या दोन्ही कुशींत जोडल्या. पोर आता मोकळा श्वास घेते आहे.

मुली वाढतात, एवढंही या डिझायनरांना कोणी सांगत नाही का?