होंड्यातलं पाणी कुठं गेलं

मी वडगावच्या विणकर घरातली. लग्न होऊन बोरगावजवळच्या शेतात आले. पहिल्याच उन्हाळ्यात सासरे, म्हणजे आमचे आप्पा, म्हणाले, "औंदा होंडा करायचा." मला वाटलं, गाडी घेणार. इकडे शेततळ्याला कृषी होंडा म्हणतात, हे खणायला सुरुवात झाल्यावर कळलं.

पावसाळ्यात माळावरून येणारं पाणी त्यात साठवायचं आणि पुढं मिरचीला द्यायचं, असा बेत होता. श्रावणात तळं गच्च भरलं. उघडीप पडली तसं पाणी भराभर उतरू लागलं.

"उन्हानं आटतंय," आप्पा म्हणाले.

मला पटेना. मी तळ्यात एक बांबू रोवला आणि रोज सकाळी पाणी जिथं टेकेल तिथं रंगीत धागा बांधू लागले. काठावर उन्हात पाण्याची भरलेली बादलीही ठेवली. चार दिवसांत बादली दोन बोटं उतरली, तळं दीड वीत.

आप्पा बांबूकडं बघत राहिले. "मुरतंय म्हंजे. खाली मुरूम हाय. प्लॅस्टिकचा कागद अंथराय पायजे."

"पण मुरून जातंय कुठं?"

"जमिनीत," एवढंच ते म्हणाले.

उताराला खाली शेजारच्या आक्कांची विहीर होती. बांधावरून भांडण झाल्यापासून आमच्या घरातलं कुणी तिकडं जात नव्हतं. मी गेले. आक्का शेंगा तोडत होत्या.

"आक्का, हिरीचं पाणी उतरलं का ओ?"

त्यांनी मला निरखून बघितलं. "उघडीप पडली की दरसाली उतरतंय. औंदा उलटं चाललंय. रोज पायरी बुडत्या. मलाबी कळंना झालंय."

मी धाग्यांची हकीकत सांगितली. त्यांनी हातातल्या शेंगा खाली ठेवल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे तुमचं पाणी माझ्या हिरीत."

"वाटतंय तसं. खात्री न्हाय."

परतीच्या पावसानं तळं पुन्हा भरलं. पाऊस थांबल्यावर मी वरचे धागे बघायचे, आक्का खालच्या पायऱ्या. आमचं उतरत होतं, त्यांचं चढत होतं. आठव्या दिवशी त्या स्वतःच आमच्या अंगणात आल्या, कित्येक वर्षांनी.

"मोटर माझी हाय," त्या आप्पांना म्हणाल्या. "पाइप तुमी आणा. आठवड्यातनं दोन दिस मिरचीला पाणी घ्या. कागद तेवढा अंथरू नगा."

"आनि बांधाचं?"

"बांध हाय तिथं हाय. त्यो भांडायला ऱ्हाऊ दे."

आप्पांना हसू आलं. त्यांनी मला चहा ठेवायला सांगितला.

त्या साली मिरचीला शेवटपर्यंत पाणी मिळालं. पण तळ्यातलं सगळंच पाणी आक्कांकडं जातं असं मला अजून वाटत नाही. त्यांच्याही खाली ओढ्याकाठी एक जुनी विहीर आहे. ते शेत कुणाचं, हे मी परवाच आक्कांना विचारून ठेवलंय.