मेणावर बसवलेली गिटार

मोखाड्याकडच्या वांगणीचा जगन लग्नांत वाजवणाऱ्या आमच्या बँडात गिटार वाजवायचा. ठाण्याला बिगारीला गेला होता, तिथून दोन हजार तीन साली ही जुनी इलेक्ट्रिक गिटार घेऊन आला. तिच्या तारा फार उंच होत्या, बोटं सोलून निघायची. तारा खाली घ्यायच्या म्हणून या शहाण्याने सगळ्या एकदम सोडल्या. तशी तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी आणि मागे जिच्यात अडकतात ती, दोन्ही त्याच्या मांडीवर पडल्या. त्या नुसत्या तारांच्या ताणावर बसतात, हे त्याला कोणीतरी सांगायला नको? पण मोखाड्यात सांगणार कोण!

त्याचा बाप लखमा तारपा, म्हणजे आमचं भोपळ्याचं फुंकवाद्य, वाजवणारा. तारप्याचा सूर हलला की मेण लावायचं, एवढं त्याला पक्कं ठाऊक. त्याने तारप्यासाठी ठेवलेलं मेण काढून दिलं. जगनने दोन्ही पट्ट्या मेणाने चिकटवल्या, वर पट्टी वर-खाली करायचे स्क्रूसुद्धा बुजवले. मग पट्टी वरही होईना, खालीही होईना. मोकळी तार सुरात, बोट दाबलं की बेसूर. मेण खरवडून खरवडून जगन रडकुंडीला आला.

पुढच्या लग्नात मी वैतागून म्हणालो, "स्पीकरची वायर लावूच नकोस. नुसता हात हलव."

तो मान खाली घालून हात हलवत राहिला.

नाच थांबल्यावर लखमाबाबा गर्दीतून पुढे आला आणि लेकाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "आज बसला बघ सूर. मेणच कमी पडत होतं."