शुद्ध गॅस मागायला गेले तेव्हा

आमचे हे न्हाणीघरात दोनदा पडले. मग मुलाने घरच्या वेल्डिंग मशीनवर त्यांना धरायला दांडा बनवायचं ठरवलं. तो ड्यूटीवर होता, म्हणून पाइपचा तुकडा पिशवीत घालून गॅस सांगायला कमानिया गेटजवळच्या दुकानात मीच गेले. कशाला हवा तेही सांगितलं.

"भैया, एकदम शुद्ध आर्गन द्या."

दुकानदाराने खिशातलं लोहचुंबक काढून पाइपला लावलं. चिकटलं.

"अम्मा, लोहा है. अकेले आर्गन से टाँका ऊपर-ऊपर बैठेगा. कार्बन डायऑक्साइड मिला हुआ ले जाओ."

"भेसळीचा काहून देऊन राहिला?"

"घी थोड़े ही ले रही हो. इस पर बाबूजी का वज़न आएगा." मग पाइप परत पिशवीत ठेवत म्हणाला, "पहले लड़के को लटकाना, फिर बाबूजी को पकड़ाना."

मुलाला लटकवलं. टाके ओबडधोबड आहेत, पण दांडा हलला नाही.

त्या माणसाचं नाव मी विचारलं नाही. मागितलेलं न देणारा दुकानदार मी तो एकच पाहिला, आणि त्याचे उपकार मानते. हे आता दांडा धरून स्वतःच उठतात. मी दाराशी उभी राहत नाही, चहा टाकते.