गेट बंद करायचा सल्ला

एसटीच्या आगारात मी वाहतूक नियंत्रक होतो. निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच वर्षी माझ्या मुलीच्या जुन्या शाळेतून बोलावणं आलं. शाळा कॅथलिक सिस्टरांची. मुख्याध्यापिका सिस्टर मूळच्या वैजापूरकडच्या, बोलणं एकदम रोखठोक.

"आमची सल्लागार समिती आहे. महिन्यातून एकदा बसायचं. मानधन नाय, अधिकार नाय. आम्ही विचारायचं, तुम्ही सांगायचं, निर्णय शाळेचा. चालंल का?"

मी हो म्हणालो. आम्ही पाच जण होतो. माझ्या शेजारची खुर्ची जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या गुरुजींची. सुरुवातीचे काही महिने पिण्याच्या पाण्याचे नळ, स्नेहसंमेलनाची तारीख, गेटासमोरचा गतिरोधक असे साधे विषय निघाले. आम्ही सांगायचो, सिस्टर लिहून घ्यायच्या. सगळंच त्या ऐकत असं नाही, पण विचारायच्या मनापासून.

मग एका बैठकीत उशिरा येणाऱ्या मुलांचा विषय निघाला. हे तर माझंच क्षेत्र. मी म्हणालो, "साडेसातला गेट बंद करा. प्रार्थना आणि पहिला तास होईपर्यंत उघडायचंच नाही. चार दिवस बाहेर उभी राहिली की आपोआप वेळेवर येतील."

गुरुजी हळू आवाजात म्हणाले, "साहेब, बस चुकली तर मोठा माणूस स्टँडवर थांबतो. सात वर्षांचं लेकरू कुठं थांबंल?"

"वॉचमन आहे ना गेटावर," मी म्हणालो. बाकीच्यांना माझं पटलं. सिस्टर म्हणाल्या, "एक महिना करून बघू."

पहिले दोन आठवडे उशिरा येणारी मुलं खरंच कमी झाली. सिस्टरांनी फोन करून तसं कळवलं तेव्हा मी घरात दोनदा तरी ते सांगितलं असेल.

तिसऱ्या आठवड्यात सकाळी नऊच्या सुमाराला परत फोन आला. दुसरीतली एक मुलगी सापडत नव्हती. ती हर्सूलहून रिक्षानं यायची. शाळा थोडी राहिलेली असताना रिक्षा बंद पडली. मोठी मुलं पळत सुटली आणि वेळेत आत गेली, ही मागं राहिली आणि पोचेपर्यंत गेट बंद झालं. वॉचमननं तिला "इथंच थांब" म्हणून सांगितलं आणि पाण्याचा टँकर आला म्हणून तो मागचं गेट उघडायला गेला. परत आला तर मुलगी नव्हती. रिक्षावाल्यासोबत घरी गेली असंल, असं त्याला वाटलं. वर्गातून आईला गैरहजेरीचा मेसेज गेला तेव्हा आईचा उलट फोन आला, "अहो, मी स्वतः तिला रिक्षात बसवलंय."

मी स्कूटर काढली. पोचलो तेव्हा आई आलेली होती. ती दवाखान्यात नर्स होती, ड्यूटीवरून तशीच गणवेशात आली होती. रिक्षावाल्याचा फोन बंद होता. ती सगळ्यांकडं बघत म्हणाली, "एवढ्याशा पोरीला बाहेर ठेवायचा नियम काढला कुणी?"

सिस्टर म्हणाल्या, "निर्णय माझा होता."

मी मान खाली घालून तिथून सरकलो आणि सरळ त्या रिक्षातल्या मोठ्या मुलांच्या वर्गात गेलो. "रिक्षा नेमकी कुठं बंद पडली?" धावपळीत हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. एक मुलगी म्हणाली, "पाण्याच्या टाकीजवळ."

टाकीजवळ रिक्षा नव्हती. पानटपरीवाल्यानं बोट दाखवलं, "ढकलत नेली गॅरेजकडं." दोन गल्ल्या ओलांडून गेलो तर गॅरेजपुढं रिक्षा उभी, रिक्षावाले चाचा वाकून क्लचची केबल बसवतायत, आणि मागच्या सीटवर ती मुलगी मांडीवर डबा उघडून पोळीभाजी खातेय.

"अरे साब, बच्ची रोते रोते वापस आई," चाचा म्हणाले. "बोली, गेट बंद है. मैं बोला, बैठ, गाडी बनी के छोडता तेरे कू. फोन की बॅटरी खतम, करूं क्या?"

सिस्टरांना फोन लावला. "सापडली" एवढंच बोललो आणि तिथल्याच एका जुन्या टायरवर बसलो. मुलगी माझ्याकडं बघत होती. तिनं विचारलं, "तुम्ही गेट उघडणारे काका आहात का?"

"हो," मी म्हणालो. "डबा खाऊन घे, मग जाऊ." आईला मी फोनवरूनच तिचा आवाज ऐकवला.

शाळेत आईनं तिला कवटाळलं आणि बराच वेळ सोडलं नाही. नंतर मी पुढं झालो. "ताई, गेट बंद करायचा सल्ला माझा होता." तिनं डोळे पुसले. "पोरगी मिळाली ना काका. आज मला भांडायचं त्राण नाही. पण मी बैठकीला येणार."

आणि ती आली. तिची ड्यूटी, रिक्षातली नऊ मुलं, हर्सूलच्या रस्त्यावर सकाळी होणारा खोळंबा, सगळं तिनं शांतपणे सांगितलं. हे आम्ही आधी कुणालाच विचारलं नव्हतं. त्याच दिवशी ठरलं, उशीर झालेल्या मुलाला आधी आत घ्यायचं, वाचनालयात बसवायचं आणि घरी लगेच फोन करायचा. सूचना गुरुजींची होती. सिस्टरांनी तिथल्या तिथं निर्णय घेतला.

मी खिशातून राजीनाम्याचं पत्र काढलं. सिस्टरांनी ते वाचलं आणि घडी घालून मला परत दिलं.

"तुम्ही मोकळे व्हाल हो. मला पुढच्या महिन्यात परत कुणाला तरी विचारायचंच आहे. अन् तुम्ही आता बोलायच्या आधी दोन घरी जाऊन याल, व्हय ना?"

सगळे हसले. ती नर्सही हसली. सिस्टरांनी वहीचं पान उलटलं. पुढचा विषय होता मैदानातली झाडं, आणि गुरुजींनी सगळ्यात आधी त्या नर्सला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"