तिठ्यापर्यंतचा सिनेमा

माझे थोरले दीर कासियानो कोल्के मेले तेव्हा त्यांची सगळी कामं उरकलेली होती. बटाटे वाळवून पोत्यात भरलेले, लामांची लोकर कातरलेली, गोठ्याच्या भिंतीचं खिंडार बुजवलेलं. राहिला होता तो एका सिनेमाचा शेवट. आणि तो माझ्या थोरल्या जावेच्या, एउलोखियाच्या, गळ्यात पडला.

एउलोखिया म्हणजे मुलखाची अबोल बाई. मिठागराकडच्या गावातून सोळाव्या वर्षी या घरात आली आणि कामाला लागली. लामाचा नर स्वतःच्या हातानं खच्ची करायची, आणि तो ओरडला तर त्यालाच म्हणायची, "गप." पोर एकच जगलं. ती पोरगी आर्जेन्टिनात कपडे शिवायला गेली ती तिकडचीच झाली. त्याचंही हिनं कधी रडगाणं गायलं नाही. बाजाराच्या पलीकडं जग असतं हे तिनं मान्य केलं होतं, पण बघायची हौस नव्हती.

दीर उलटे. पंधरवड्याला पोती घेऊन पोतोसीच्या बाजाराला जायचे. जाताना पहाटेच्या बसमध्ये सगळे घोरत असत. येताना वाल्दो ड्रायव्हर टीव्ही लावायचा, आणि वाल्दोकडं सिनेमा एकच. कार्टूनचा. एका घरातल्या सगळ्यांच्या अंगात काहीतरी विलक्षण बळ. बाप हवं तेव्हा डोंगराएवढा जड होतो. आईला दहा कोसांवरचं रडणं ऐकू येतं. पोरगी माणसांच्या सावल्या दोरीसारख्या ओढते. आणि आजी शिंकली की अख्ख्या शहराचे दिवे जातात.

आजी शिंकली की रजेवर चाललेले शिपाई मांड्यांवर थापा मारून हसत. आईनं कान टवकारले की बायका आपापली पोरं जवळ ओढत. एकदा एक जाडजूड म्हातारी सावल्या ओढणाऱ्या पोरीला बघून छातीवर क्रूसाची खूण करायला लागली आणि खिडकीवरचा पडदा घट्ट धरून बसली, आपली सावली कुणी नेऊ नये म्हणून. आणि आमचे दीर मधल्या वाटेत उभे राहून पडद्यावरच्या बापाला ओरडत, "आरं मागं बघ! मागं हाय त्यो!"

मागून कुणीतरी म्हणायचं, "म्हातारबा, खाली बसा की. तुमच्या टोपीतनं काय आरपार दिसतंय व्हय?"

मग सिनेमातल्या धरणाला तडा जायचा. बाप तडा गेलेल्या भिंतीला पाठ लावायचा, जड जड व्हायचा आणि पोरांना सांगायचा, "तुम्ही घरी जा, मी आलोच." आणि नेमका तिथं वाल्दो ब्रेक मारायचा. "तिठा आला! तिठ्यावाले उतरा!"

दर खेपेला. सहा वर्षं. बस पुढं निघून जायची आणि दीर पाठीवर गाठोडं घेऊन तिठ्यावर उभे, धुळीकडं बघत.

पुढचं गाव दोन तासांवर, आणि तिथून परतीची बस दुसऱ्या दिवशी. एकदा त्यांनी घरात विषय काढला होता. मी तिथंच होते, बटाटे निवडत बसले होते.

"एक डाव पुढं जाऊन येतो म्हणतो," ते म्हणाले. "शेवट तेवढा बघून."

"आन जित्राबं?" एउलोखिया म्हणाली. "ती उपाशी मारून सिनेमा बघताय व्हय?"

तो विषय पुन्हा निघाला नाही.

शेवट त्यांनी कुणाकुणाला विचारला नाही? वाल्दोला विचारला तर तो म्हणे, "मला काय ठावं? टीव्ही माझ्या डोस्क्यामागं. म्या निस्ता ऐकलाय. शेवटाला एक दणका हुतो, मग पोरं रडत्यात, मग गाणं."

"पर आनंदानं रडत्यात का दुखानं?"

"रडणं ते रडणं, दादा."

गावात तर या सिनेमावरून भांडणं लागायची. दिरांनी अर्ध्यापर्यंत इतक्यांदा सांगितला होता की पोरासोरांना पाठ. माझा नवरा म्हणायचा, "बुडाला. पाण्याम्होरं पाठ लावून कोण वाचलंय?" आमचे इल्देफोन्सो तात्या, जे मयताच्या वेळी प्रार्थना म्हणतात, ते म्हणायचे, एवढा जड माणूस जमिनीत रुतला असणार. दीर दोघांवरही रागवायचे. एउलोखियाला कुणी विचारलं तर ती म्हणायची, "चित्राचं माणूस त्ये. त्याला काय हुतंय?"

मग एका पावसात नदी उतरताना ते भिजले, ताप छातीत गेला, आणि तिसऱ्या दिवशी आटोपलं. शेवटचे शब्द आम्ही दोघींनी ऐकले. "भाईर पडला का गं त्यो?"

एउलोखियाला वाटलं, लामाचं पिल्लू अडलंय तसं काही म्हणताहेत. "कोण?" तिनं विचारलं. तोवर ते गेले होते.

आमच्याकडं मेलेलं माणूस नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला दुपारी बाराला घरी येतं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला जातं. त्याच्यासाठी मेज मांडायचं, पावाच्या बाहुल्या भाजायच्या, मक्याची दारू ठेवायची. अशी तीन वर्षं. तिसऱ्या वर्षी कायमचं वाटेला लावायचं.

पहिल्या वर्षी बाराला वारं आत आलं आणि दारूचा पेला कलंडला. असं होतं, आमच्यात त्याचं कुणी फार मनावर घेत नाही. पण एउलोखिया भिंतीला टेकून उभी होती, ती मला म्हणाली, "तोमासा, त्ये इचारत्यात."

"काय इचारत्यात?"

"त्येच. भाईर पडला का म्हणून."

दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच. आणि मधल्या दिवसांतही तिला ऐकू यायचं. लोकर कातताना मध्येच हात थांबायचा. मी म्हटलं, "आक्का, वारं असंल." ती म्हणाली, "वारं मला नावानं हाक मारील व्हय?" आणि मग एकदा, मी न विचारता, तिच्या तोंडून निघालं, "म्या जाऊ दिलं न्हाई त्यास्नी. एका दिसानं काय मेली असती जित्राबं?"

तिसऱ्या वर्षी ऑक्टोबर सरताना तिनं जनावरं माझ्या हवाली केली, नवं पांघरूण अंगावर घेतलं आणि बाजाराला गेली. येताना वाल्दोच्या बसमध्ये बसली. वाल्दोनं पुढं आम्हाला सांगितलं, की त्यानं तो सिनेमा बंद करून टाकला होता, लोक कंटाळले म्हणून. ही पुढं जाऊन त्याच्या सीटशी उभी राहिली. घाट लागला तरी हटेना. शेवटी तो म्हणाला, "बसा हो मावशी, लावतो." तिठा आला. तो ओरडला. ही उतरली नाही.

पण दुसऱ्या दिवशी सण. परतीची बस आलीच नाही. म्हणजे पहिल्या तारखेच्या दुपारी घरात ती नव्हती, आणि मेज मांडून दारात मी उभी. माणूस तिसऱ्या वर्षाला शेवटचं घरी येणार आणि बायको घरात नाही. बारा वाजले. वारं आलं. यावेळी पेला पडला नाही. पावाची बाहुली मात्र मेजावरून खाली आली, तोंडावर.

"भावजी," मी म्हटलं, "येतीया ती. जरा दम धरा."

बाहुली उचलून पुन्हा जागेवर ठेवायचं धाडस मला झालं नाही.

ती आली दुसऱ्या दिवशी, अकरा वाजून गेल्यावर. थोडं मिठाच्या ट्रकवर, बाकी चालत. आम्ही मेज दफनभूमीत थडग्यापाशी नेऊन मांडलं होतं, अर्धं गाव तिथं. पायांची सालटी निघालेली, ओठ फुटलेले. आली ती सरळ थडग्याकडं निघाली.

इल्देफोन्सो तात्यांनी अडवलं. "बघितलास?"

"बघितला."

"काय झालं म्हणतीस?"

"भाईर पडला," ती म्हणाली. "समदे घरी गेले. आजीनं शिंकून दिवं लावलं. मेजावर ताट वाढून ठिवलं हुतं, त्यो बसला, आन आईनं दार लावून घेतलं."

माझा नवरा मागून म्हणाला, "हात्तिच्या, वाचला व्हय?" दोन पोरांनी टाळ्या पिटल्या. पण तात्यांचा चेहरा उतरला. त्यांनी तिचा दंड धरला.

"पोरी, ह्ये त्याला सांगू नगंस."

"का?"

"येळ बघ की काय झालीया. आता त्याला वाटंला लावायचं. जाणाऱ्या माणसाला असं सांगत्यात व्हय, की ताट वाढलंय, तुझी जागा हाय, आन दार लावून घेतलं? त्यो जाईल का मग? सांग, की पाण्यासंगं गेला. सांग, की माघारी न बघता गेला. त्येवढं सांग, आन त्याला जाऊ दे."

बाराला दहा मिनिटं असतील. मी तिच्याकडं बघत होते. तिला तात्यांचं म्हणणं कळलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तिथं उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांनाच कळलं होतं. ज्यांच्या घरी कुणी मेलंय त्या बायका मागं सरकल्या.

"खोटं सांगू त्यास्नी?" ती म्हणाली.

"भल्यासाठी."

"एक डाव न्हाई म्हणून बसले, तात्या. आता वर खोटंबी बोलू?"

तिनं दंड सोडवून घेतला आणि थडग्यापाशी मांडी घालून बसली. आणि मग आयुष्यात कधी बोलली नाही एवढी ती बोलली. पहिल्यापासून सांगितला. बाप कसा जड होतो, आई कशी ऐकते. ती आजीसारखी शिंकली तेव्हा पोरं खदखदा हसली, आणि त्यांच्या मागून बायाही हसल्या, तोंडावर पांघरुणाचं टोक धरून. धरणापाशी आल्यावर कुणी श्वास घेत नव्हतं. तिनं पाठ ताठ केली. म्हणाली, पोरांनी माघारी येऊन बापाच्या सावलीला धरून ओढलं, आणि सावली आली तसा बापही आला. मग घर, मग ताट. "आन आईनं दार लावून घेतलं," असं म्हणून ती थांबली. "झाला. एवढाच हाय."

माझ्या शेजारची म्हातारी रडत होती. तिचा मुलगा खाणीतून आलाच नव्हता.

बारा वाजले. दरवर्षी या घटकेला पश्चिमेचं वारं सुटतं, कागदाच्या झिरमिळ्या फडफडतात, आणि आम्ही म्हणतो, निघाले. बाकीच्या थडग्यांवरच्या झिरमिळ्या हलल्या. आमच्या थडग्यावरच्या लोंबत राहिल्या. मी नवऱ्याकडं बघितलं. त्यानं टोपी डोळ्यांवर ओढून घेतली.

प्रार्थना म्हणणाऱ्याला त्या मेजावरचा पाव द्यायचा असतो. मी तात्यांची झोळी भरली. त्यांनी पाव एकेक करून पुन्हा मेजावर ठेवले. "ह्यो निरोपाचा पाव न्हाई," ते म्हणाले आणि दुसऱ्या थडग्याकडं निघून गेले.

त्यानंतर तिच्या घरी फारसं कुणी जात नाही. आमचा कुत्रा तिच्या अंगणापर्यंत येतो आणि तिथंच बसतो. मी जाते. जाऊ आहे, मला जावंच लागतं.

परवा उन्हं उतरता मीठ मागायला गेले. ती चुलीपाशी लोकर कातत बसली होती आणि बोलत होती. मला वाटलं, माझी चाहूल लागली. पण मी आत आल्यावरही तिनं मान वळवली नाही.

"बस," ती म्हणाली. "त्यास्नी आता फुडचं पायजे."

"फुडचं काय, आक्का? सिनेमा तर संपला न्हवं?"

"मला संपला. त्ये म्हणत्यात, पोरं मोठी झाल्यावर काय झालं? आजी मेल्यावर दिवं कोण लावणार? आता मला काय ठावं? म्या आपली रचून सांगतीया."

आणि तिनं सांगायला घेतलं. सावल्या ओढणारी पोरगी मोठी झाली, दूर देशी कपडे शिवायला गेली. एके दिवशी ती माघारी आली, आणि आई दार उघडून तिला म्हणाली, "इतक्या दिसांनी बरी आठवण झाली."

एउलोखियाच्या हातातली कातायची चाती थांबली. तिनं चुलीच्या पलीकडं, जिथं कुणी नव्हतं तिथं, मान वर करून बघितलं. थोडा वेळ ऐकलं.

"बरं, बरं," ती म्हणाली. "आई तसं न्हाई म्हणायची. चुकलं माझं."

आणि मग तिनं आईचं बोलणं बदलून पुन्हा सांगितलं.